वेळूची काठी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात ऑकलंड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा होते. आम्ही मधुमेह, रक्तदाब आणि तेलकट पदार्थ यांविषयी बोलतो आणि आमचे बोलणे संपण्यापूर्वीच मागील रांगेतील मंडळी भजी कोठवर तळून झाली याची चौकशी करण्यास निघून जातात. यंदा कार्यकारिणीने विषयाची मोकळीक दिली आहे. तिचा लाभ घेऊन भटक्या कलावंत कुटुंबांनी स्वतःच्या हातांनी घडविलेल्या खेळाच्या वस्तूंविषयी आम्ही बोलणार आहोत. वैद्यकाशी या विषयाचा संबंध काय, असे काहींस वाटेल. तो संबंध आहे, आणि आमच्या बाबतीत तो फारसा भूषणावह नाही.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे येथील जानेवारीत, आम्ही सहकुटुंब दक्षिण बेटावर गेलो होतो. एका लहानशा गावी पावसाने अडकवून ठेवले, म्हणून तेथील संग्रहालयात शिरलो. अशी संग्रहालये आपण सर्वांनी पाहिली आहेत. निवृत्त शिक्षिका दाराशी बसलेली असते आणि आत लोणी काढण्याची यंत्रे, शिवणयंत्रे, जुने खोगीर असते. तेथे एका काचेच्या कपाटात फिरत्या सर्कशीतील एका कुटुंबाचे साहित्य मांडलेले होते. हवेत फेकून झेलण्याच्या तीन लाकडी मुगदलांवर कापडी पट्टी गुंडाळून रंग दिलेला होता. विदूषकाचे हातभर लांब जोडे होते आणि त्यांचा तळ जुन्या ताडपत्रीचा होता. शेजारच्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते की मुगदल आजोबांनी घरीच तासले, जोडे आजीने शिवले आणि अमुक वर्षापर्यंत ते वापरात होते. आमच्या मुलीने विचारले, "बाबा, आपल्या लोकांचे असे काही कोठे ठेवले आहे का?" आम्ही तत्परतेने "हो" म्हणालो. "कोठे?" या तिच्या पुढील प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या आजोबांकडे हलगी होती. गावकीच्या कामात ती वाजवावी लागे. गावात कोणाकडे लग्न असो, जत्रा असो वा दवंडी असो, बोलावणे आले की उठावे आणि वाजवावे, मोबदल्यात ओंजळीत वरून पडेल ते घ्यावे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने गावकी सोडली, तेव्हा आजोबांनी हलगी खुंटीवरून काढून चुलीत घातली. ही हकीकत वडिलांनी आम्हांस अभिमानाने सांगितली आणि आम्हीही ती अभिमानानेच ऐकली. तो अभिमान आजही तसूभर कमी झालेला नाही. परंतु त्या हलगीचे कडे कोणत्या लाकडाचे होते, कातडे कोणी कमावले होते, ते ताणून कसे बसवीत, हे विचारावयाचे राहून गेले. वडील आता नाहीत.

मग आम्हांस आठवला दोरावरचा खेळ.

आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी बाजाराच्या दिवशी तो पाहिला असेल. तो करणाऱ्यांस कोठे डोंबारी म्हणतात, कोठे कोल्हाटी. महाराष्ट्र शासनाच्या यादीत या दोन्ही नावांची नोंद भटक्या जमातींत एकत्रच आहे. मराठीतील 'कोलांटी उडी' हा शब्द त्यांच्या नावाशी जोडला जातो. हा व्यवसाय किती जुना आहे, हे पाहावयाचे असल्यास कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. तेथे नट, नर्तक, गायक, वादक यांच्या पंक्तीत 'प्लवक' बसलेला आहे. उड्या मारणारा, दोरावर चालणारा, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. अशा लोकांनी खेड्यांतील कामात व्यत्यय आणू नये, अशी तंबीही त्याच ग्रंथात आहे. म्हणजे खेळही जुना आणि संशयही जुना.

खेळाचे साहित्य पाहू गेल्यास एका गाढवाच्या पाठीवर मावेल एवढेच असते. दोन-दोन वेळू आडवे-तिडवे बांधून दोन कैच्या उभ्या करावयाच्या, त्यांवरून दोर न्यावयाचा आणि त्याची दोन्ही टोके जमिनीत ठोकलेल्या मेखांना ताणून बांधावयाची. खाली ढोल. वर एक लहान मुलगी, डोक्यावर एकावर एक तांबे, हातात आडवी काठी. प्रथम ती पायी जाते. मग परातीत पाय ठेवून ती परात दोरावरून सरकवीत जाते. मग सायकलच्या चाकाची रिकामी धाव दोरावर ठेवून तिच्यात पाऊल घालून जाते. सायकलची धाव ही अलीकडची भर. बाकीचे सारे घरचे किंवा ओळखीच्या हातचे. केकताडाचा किंवा अंबाडीचा दोर वळणारे हात बहुधा मातंग समाजाचे. ढोलाचे कातडे कमावणारे हात ढोरांचे. मेख घडविणारा लोहार तेवढा वेशीच्या आत राहणारा. ज्या वस्तूंवर त्या मुलीचा जीव तोलला जाई, त्या बहुतेक ज्यांची सावली गावास चालत नसे अशांनी केलेल्या होत्या. खेळ पाहणारा गाव वर मुलीकडे पाही. दोराकडे पाहण्याचे कोणास कारण नव्हते.

आम्हीही पाहिले नव्हते. १९९६ साली आम्ही एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालो होतो. केंद्र आडबाजूचे, जिल्ह्याचे रुग्णालय चाळीस किलोमीटरवर. एका बाजाराच्या दिवशी दुपारी चौघे जण एका मुलीस घोंगडीत घालून घेऊन आले. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता, जमीन मऊ होती, एक मेख उपटली आणि मुलगी पडली. वय नऊ-दहा. उजव्या मांडीचे हाड मोडलेले. अशा वेळी पाय हलू न देता बांधणे हे पहिले काम. अन्यथा वाटेतल्या खड्ड्यांनी हाडाची टोके आत मांसात आणि रक्तवाहिनीत घुसतात. आमच्याकडे त्या मापाची फळी नव्हती. काखेपासून घोट्यापर्यंत पुरेल असे काहीतरी सरळ आणि हलके हवे होते.

तिच्या बापाच्या हातात ती काठी होती. पडलेल्या मुलीच्या जवळून त्याने ती उचलली असावी आणि हातातच राहिली असावी. आम्ही ती मागितली. तो म्हणाला, "साहेब, कैचीतला घ्या की. ह्यो नगं." कैचीचे वेळू जाड, गाठाळ आणि बाजारात पडलेले. आम्ही रागावलो. "अरे, पोरगी महत्त्वाची की काठी?" असे आम्ही त्यास म्हणालो. वडिलांच्या वयाच्या माणसास आम्ही 'अरे' म्हटले, हेही येथे सांगून टाकतो. त्याने काठी दिली. शिपायाने कोयत्याने तिचे दोन तुकडे केले. एक मांडीच्या बाहेरून, एक आतून. वर सुती पट्ट्या. बांधणी उत्तम झाली, असे तेव्हा वाटले आणि आजही वाटते. जीप निघून गेली.

आठवड्याने आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात तिची क्ष-किरण छायाचित्रे पाहण्यास गेलो. मुलीचा पाय वजन लावून ताणून ठेवलेला होता आणि उशाशी आजी बसलेली होती. मुलगी झोपली होती, म्हणून आजी बोलत राहिली. ती काठी तिच्या सासऱ्याने तोडलेली होती. भरीव वेळू, पावसाळा संपल्यावर, अंधाऱ्या पक्षात. मग तो डोहात बुडवून ठेवलेला, मग सावलीत वाळविलेला, मग जाळावर शेकून, तेल चोळून, गुडघ्यावर दाबून सरळ केलेला. एका टोकास थोडा जड निघाला, म्हणून दुसऱ्या टोकास चिंध्यांची गुंडी. त्या काठीवर ती स्वतः चालली होती, तिची मुलगी चालली होती आणि आता ही नात. तीन पिढ्यांच्या तळहातांनी तिचा मधला भाग गुळगुळीत झाला होता. आजीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्या घराविषयी बोलावे तसे ती बोलत होती.

त्या रात्री आम्हांस त्या काठीतील शास्त्र उमजू लागले. पाण्यात बुडविल्याने वेळूतील पिठूळ अंश निघून जातो आणि त्यास भुंगा लागत नाही. पावसाळ्यानंतर तोडण्याचे कारणही तेच, त्या वेळी तो अंश मुळातच कमी असतो. मनुष्याचा तोल कानातील अर्धवर्तुळाकृती नलिका, डोळे आणि तळपाय यांच्या आधारे राखला जातो, हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. लांब काठी आडवी धरली असता देहाचे जडत्व वाढते, कलंडण्याची गती मंदावते आणि सावरण्यास क्षणभराची सवड मिळते. काठीची टोके किंचित खाली वाकणारी असल्यास भाराचा मध्यही थोडा खाली येतो. म्हणजे काठी फार ताठ असून चालत नाही, फार लवचीक असूनही चालत नाही. ज्या माणसास आम्ही 'अरे' म्हणालो त्याच्या आजोबांस ही रीत ठाऊक होती, आणि ती त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात न जाता मिळविलेली होती. कैचीतला वेळू घेतला असता तरी पाय तितकाच घट्ट बांधला गेला असता. जरा जाड झाला असता, एवढेच.

किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली प्रसिद्ध झाले होते. कोल्हाटी समाजात जन्मून डॉक्टर झालेल्या आमच्याच व्यवसायबंधूचे ते आत्मकथन. १९९६ साली ते आमच्या वाचनात आलेले नव्हते. पुढे वाचले, भेटावे असे ठरविले, आणि २००७ साली अपघातात ते गेले.

सर्कशीचा इतिहास सांगणारे १८८० पासून प्रारंभ करतात. किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस हिंदुस्थानात आली होती. ती पाहून अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांनी सर्कस काढली. तिकडे केरळात तेल्लिचेरीच्या कुन्हिकण्णन यांनी कसरतपटू घडविले. छत्रे यांचे धाडस मोठेच होते. परंतु तंबू आला तशी जाहिरात आली, तिकीट आले, छायाचित्र आले. त्यामुळे तंबूतील माणसे इतिहासात शिरली. उघड्या मैदानावर शतकानुशतके ताणलेला दोर मात्र कोणाच्या कागदावर आला नाही.

नाही म्हणावयास तो पोलिसांच्या कागदावर आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या दुरुस्तीने त्या कायद्याची व्याप्ती वाढली. हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून हलावयाचे नाही. ज्या यादीत नाव नाही त्या भटक्यासही या कायद्याची सावली पुरे होती, कारण ज्याचा धंदाच हिंडण्याचा त्याच्या गाठोड्यातील दोर आणि लोखंडी मेखा पाहून शिपायास निराळाच संशय येई. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यास जी समिती नेमली तिचे अध्यक्ष स्टार्ट हे याच गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सभासद होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. पण १९५९ साली मुंबई राज्याने भिक्षा प्रतिबंधाचा कायदा केला. त्यातील भिक्षेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करणे ही भीक मागण्याची निमित्ते म्हणून नमूद आहेत. ढोल वाजविणारा कलावंत नव्हे, सबब सांगणारा भिकारी, असे कायद्याने लिहून ठेवले. भिकाऱ्याच्या गाठोड्यातील काठी कोण जपून ठेवणार?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यावयासच हवा. नऊ वर्षांच्या मुलीने जीव टांगणीस लावून तांबे डोक्यावर घ्यावेत, यात जपण्यासारखे काय आहे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. त्या खेळात काहीही जपण्यासारखे नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना राबविण्यास मनाई केली, तेव्हा आम्हांस मनापासून समाधान वाटले. ती मुलगी शाळेत असावयास हवी होती. तिचे मोडलेले हाड आम्ही पाहिले आहे. तंबूतल्या रंगीत दिव्यांखाली ज्यांनी खेळ पाहिला त्यांच्याशी या बाबतीत आमचे जमणार नाही. परंतु काम सोडणे वेगळे आणि त्या कामातील हातांचे कसब कोणाचे होते याची नोंद पुसणे वेगळे. आजोबांनी हलगी जाळली तेव्हा त्यांच्यापुढे हे दोन पर्याय वेगवेगळे नव्हते. हलगी घरात असेपर्यंत बोलावणे येतच राहिले असते. आमच्यापुढे आता ते वेगळे आहेत. येथे ऑकलंडमध्ये कोणी आम्हांस वाजविण्यास बोलावीत नाही.

याच देशातील एक उदाहरण घ्या. आपली मुले शाळेत प्लास्टिकची पिशवी आणि लोकर यांची पोई करून घरी आणतात आणि दिवाणखान्यात फिरवून दिवा फोडतात. मूळची पोई पाणवनस्पतीच्या पात्यांची आणि येथील हरकेकेच्या धाग्याची, माओरी स्त्रियांच्या हातची. आज जगभरच्या सर्कशींत पोई फिरविली जाते, पेटती पोईसुद्धा. वाइकातोच्या ते पुएआ हेरांगी यांचे चरित्र आपण जरूर पाहावे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांच्या वस्तीतील घरेच्या घरे ओस पडली. सुमारे १०० अनाथ मुलांच्या संगोपनाची व्यवस्था त्यांनी लावली. १९२२ साली त्यांनी गाणारी-नाचणारी एक मंडळी उभी केली, पोईचे जुने प्रकार पुन्हा शिकविले आणि गावोगाव कार्यक्रम करून न्गारुआवाहिआ येथील तुरंगावाएवाए मराए उभारण्यास पैसा जमविला. याच देशात माओरी मुलांना शाळेत स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, हे विसरून आम्ही हे सांगत नाही. पण त्यांनी पोई चुलीत घातली नाही, आणि तिच्या जोरावर घर बांधले. त्यांस ते का साधले आणि आम्हांस का साधले नाही, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. एवढेच दिसते की पोई फिरविणे हे कोणी त्यांच्यावर जातीचे काम म्हणून लादलेले नव्हते.

आपल्याकडेही अगदीच अंधार नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर आदिवासी समाजातील गंगावणे कुटुंबाने चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या आपल्या गोठ्यात संग्रहालय करून मांडल्या आहेत. गुरांच्या जागी राम-रावण. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेथे जाण्यास सावंतवाडीच्या रस्त्यावरून थोडीशीच वाट वाकडी करावी लागते. डिसेंबरात मायदेशी जाणाऱ्या आपल्या मंडळींनी गोव्यास जाताना ती करावी. आणि गावी गेल्यावर घरातील वृद्धांस विचारावे की कोणते वाद्य होते, दोर कोण वळी, कातडे कोठून येई. वस्तू नसेल तर तिचे माप, तिचे लाकूड, करणाऱ्याचे नाव तरी वहीत उतरवून आणावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत पाने राखून ठेवण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे.

आता त्या काठीचे राहिले. दोनेक महिन्यांनी मुलीचा बाप केंद्रात आला. मुलगी बरी होती. पाय किंचित आखूड भासत होता, तो वाढीच्या वयात भरून येतो, असे आम्ही त्यास सांगितले. या वेळी 'अहो' म्हणून सांगितले. निघताना त्याने धडप्यात गुंडाळलेले काहीतरी टेबलावर ठेवले. काठीचे ते दोन तुकडे होते. रुग्णालयाने पट्ट्या सोडल्यावर त्याने ते मागून घेतले होते, धुतले होते, त्यांस तेल लावले होते आणि सुतळीने एकत्र बांधले होते. "साहेब, ही दवाखान्याची वस्तू. ऱ्हायली व्हती आमच्याकडं," तो म्हणाला.

ती त्याचीच आहे, हे सांगण्यास आमची जीभ का वळली नाही, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. कदाचित गर्दी होती. कदाचित तुकडे परत घेऊन तो काय करणार, असे वाटले. आम्ही औषधनिर्मात्यास हाक मारली. त्याने ते तुकडे फडताळात ठेवले आणि नियमाप्रमाणे साठा नोंदवहीत जमा केले. ती ओळ आम्ही स्वतः सही करून मान्य केली आहे: "फळी, वेळूची, नग २. स्थिती चांगली."